पोलादाची वानगी

निवृत्तीनंतर जालन्यात राहायला आले, तेव्हा गल्लीत बातमी पसरली की बॉम्ब बनवणारी बाई आलीय. भाजीवाल्या मावशी माझ्या पिशवीत मेथी टाकताना जरा लांबूनच टाकायच्या. शेवटी एकदा ओट्यावर बसून मीच जाहीर केलं की मी आयुष्यात काहीएक बनवलेलं नाही. बॉम्ब नाही की वीज नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्यात खोट काढायची, हाच माझा धंदा, आणि सरकार त्याचा पगार द्यायचं. शेजारच्या वहिनी हे ऐकून म्हणाल्या, "मंग सासूचंच काम की हे." अणुभट्ट्यांच्या सुरक्षेची तपासणी म्हणजे काय, हे इतकं नेमकं मला उभ्या नोकरीत सांगता आलं नव्हतं.

या अंकाच्या संपादकांना माझी 'वाटचाल' हवी होती. वाटचालीत काही दम नाही. भोकरदनच्या शाळामास्तरांची मुलगी शिकली, धातुशास्त्राची इंजिनियर झाली, आणि मुंबईतल्या एका कचेरीत बसून लोकांना प्रश्न विचारत म्हातारी झाली. झाली वाटचाल. त्यापेक्षा मी एका पात्राची आणि एका माणसाची गोष्ट सांगते. माणूस जालन्याचाच आहे.

आधी पात्र. अणुभट्टी म्हणजे शेवटी पाणी तापवायचं साधन. चार-पाच मजली घराएवढं उंच, वीतभर जाड पोलादाचं एक पात्र असतं. त्यात इंधन, त्यात पाणी. बाकी सगळं बदलता येतं. पंप बदला, नळ बदला, झडपा बदला. पात्र मात्र बदलता येत नाही. पात्राचं वय संपलं की भट्टीचं वय संपलं.

आता हे पात्र म्हातारं कसं होतं? आत अणू फुटत असतात आणि त्यांतून न्यूट्रॉन नावाचे कण सुटतात. ते वर्षानुवर्षं पात्राच्या भिंतीवर आदळतात आणि पोलाद हळूहळू ठिसूळ होतं. आपल्याकडे गच्चीवर प्लास्टिकची बादली उन्हात राहिली तर काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दिसायला तशीच असते, पण एक दिवस उचलायला जावं तर कडी तेवढी हातात येते. पोलादाचं थोडंफार तसंच, फक्त त्यात एक मेख आहे. ठिसूळ झालेलं पोलाद गरम असेपर्यंत ठीक वागतं, गार असताना दगा देतं. म्हणून प्रत्येक भट्टीला आम्ही एक मर्यादा घालून देतो: पात्र अमुक इतकं तापल्याशिवाय त्यावर पूर्ण दाब चढवायचा नाही. पोलाद म्हातारं होत जातं तशी ही मर्यादा वर सरकत जाते. आणि खरी भीती असते ती आणीबाणीची. भट्टी गार करायला आत एकदम थंड पाणी सोडावं लागलं तर? तापलेल्या काचेच्या ग्लासात गार पाणी ओतलं की काय होतं, ते सांगायला इंजिनियर लागत नाही.

पण भिंतीचा तुकडा कापून तर तपासता येत नाही. म्हणून पात्र घडवतानाच त्याच पोलादाचे, त्याच वेल्डिंगच्या सांध्याचे बोटाएवढे तुकडे करून ठेवतात आणि ते आतल्या भिंतीला टांगतात. पात्र जे सोसतं ते तुकडेही सोसतात. काही वर्षांनी त्यातले थोडे बाहेर काढायचे, जाड भिंतींच्या कोठीत काचेआडून यंत्राच्या हातांनी धरायचे, आणि एका झुलत्या हातोड्याने तोडायचे. तोडायला किती जोर लागला, त्यावरून पात्राची तब्येत कळते. प्रत्येक तुकड्याला मधोमध एक बारीक खाच असते, म्हणजे तो नेमका तिथेच तुटतो. ही खाच लक्षात ठेवा.

हे सगळं मला एकदा व्हरांड्यात नवख्या मंडळींना फार लांबण लावून समजावावं लागलं होतं, आणि शेजारचा एक माणूस शांतपणे म्हणाला होता, "वानगी म्हणा की, ताई. पोतं फोडायचं न्हाई अन् माल वळखायचा." ते सुराणा.

सुराणा एका अणुवीज केंद्रात पात्राचे इंजिनियर होते. केंद्र कुठलं, ते विचारू नका. त्यांच्या घरचं जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भुसाराचं दुकान. पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेली माणसं, पण बोलायला लागले की आमच्या भोकरदनच्या स्टँडवर उभं असल्यासारखं वाटायचं. पहिल्या बैठकीत त्यांचा ढिगाभर कागद बघून मी स्वतःशीच पुटपुटले, "आता हे कवा वाचावं बाई!" टेबलाच्या पलीकडून हा माणूस एकदम सावरून बसला. बैठक संपल्यावर विचारलं, मॅडम जालन्याकडच्या का? तेव्हापासून बैठकीत मी 'मॅडम' आणि ते 'सर', बाहेर मी 'ताई' आणि ते 'सुराणाभाऊ'. टेबलाच्या दोन बाजू मात्र कधी बदलल्या नाहीत. ते अर्जदार, मी तपासनीस.

माणूस असा की चिडवायचा मोह व्हावा. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. माझे प्रश्न लांबले की खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत जायचं आणि त्यांचं जेवण बुडायची वेळ यायची. पण त्यांनी कधी घड्याळाकडे पाहिलं नाही की उत्तर आखडतं घेतलं नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं, उरलेलं उद्या बघू. तर म्हणाले, उपाशी माणसाचं डोकं बराबर चालतं, विचारा.

माझाही एक नेम होता. आमचे पहिले साहेब कडक. त्यांनी रुजू झाल्याच्या दिवशीच सांगितलं होतं की ज्याची तपासणी करायची त्याच्याकडे पाणी प्यायचं, चहा नाही. पाणी कुणी कुणाला नाकारत नाही, त्यात मिंधेपणा नसतो. चहाबरोबर गप्पा येतात, आणि गप्पांमधून आपण एखादा प्रश्न विचारायचा विसरतो. बाकीचे सहकारी हसायचे आणि बिस्किटं खायचे. मी तो नियम शेवटपर्यंत पाळला. सुराणांनी चहावाल्याला सांगूनच ठेवलं होतं की मॅडमपुढे फक्त पाणी ठेवायचं.

पण एकदा व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं. बराच वेळ घुटमळून विचारलं, "ताई, चहा घेत न्हाई ते नियमामुळंच ना? का आमच्या लोकांच्या हातचा म्हणून?"

प्रश्न कुठून आला ते मला कळलं. आम्ही बौद्ध. माझे आजोबा भोकरदनहून येऊन याच जालन्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. पोती पाठीवर घेऊन ते दुकानात जायचे, पण चहा मात्र बाहेर, भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपात, पिऊन आपणच विसळून ठेवायचा. मी म्हटलं, नियमामुळंच. आणि आजोबांचंही सांगून टाकलं. सुराणा खाली बघत म्हणाले, "आमच्याबी दुकानाबाहेर होता तसला कप. मी लहानपणी पाह्यलाय." त्या दिवशी या माणसाबद्दल माझ्या मनात जे बसलं ते बसलंच. सारवासारव केली नाही, की आमच्या घरी तसं नव्हतं म्हणून हात झटकले नाहीत.

तर ते केंद्र जुनं झालं होतं. पात्राची ठरलेली वर्षं संपत आली होती आणि आणखी पुष्कळ वर्षं चालवायची परवानगी त्यांनी मागितली होती. परवानगी नाही मिळाली तर केंद्र बंद, वसाहत रिकामी, शाळा-दवाखाना सगळ्याला कुलूप. सुराणा तिथे शिकाऊ म्हणून लागलेले आणि आता निवृत्तीला टेकलेले. त्यांची सगळी नोकरी त्या एका पात्राभोवती गेली होती. भट्टी बंद असताना ते तिच्याभोवती फिरायचे ते आपल्या गोठ्यातून फिरणाऱ्या माणसासारखे.

आधीच्या प्रत्येक खेपेला वानगीने आपलं म्हातारपण चोख सांगितलं होतं. सांध्याचे तुकडे दर वेळी आधीपेक्षा थोड्या कमी जोराने तुटायचे. अपेक्षेप्रमाणे. यावेळी शेवटची वानगी काढली, तोडली, आणि निकाल आला की पोलाद आधीच्या खेपेपेक्षाही चिवट! जणू पात्र तरुण झालं होतं. केंद्रात पेढे वाटले म्हणे.

चांगली बातमी आली की आमच्या जातकुळीच्या माणसांना आधी शंका येते. म्हातारं माणूस एकाएकी पळायला लागलं तर घरच्यांनी आनंद मानावा, डॉक्टरने नाही. मी विचारलं, हे असं कसं? त्यांनी उत्तर दिलं: तुकडे टांगले होते तिथे तापमान थोडं जास्त होतं, आणि जास्त तापमानात पोलादाला इजा कमी होते. हे खरं असतं. मी विचारलं, तापमानाचा पुरावा? त्यांनी दिला. मोजमापातली चूक किती? त्यांनी हिशेब मांडला. बाहेरच्या दोन जाणकारांना दाखवलं, त्यांनीही मान डोलावली. मी महिनोन्महिने खोदत राहिले. केंद्राचे संचालक माझ्यावर वैतागले होते. बाईंना नक्की हवंय तरी काय, असं त्यांनी माझ्या साहेबांना विचारल्याचं माझ्या कानावर आलं. सुराणा मात्र एकदाही वैतागले नाहीत. शेवटी माझ्याजवळ प्रश्न उरला नाही. मी तसं बैठकीत सांगितलं. कागद मिटताना सुराणा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मला वाटलं, सुटलो म्हणून बघत असतील. निर्णयाची बैठक दिवाळीनंतर ठरली.

दिवाळीला मी गावी आले आणि धाकट्या बहिणीकडे अंकुशनगरला गेले. तिचे यजमान तिथल्या साखर कारखान्यात. गोदावरी बघायची म्हणून आम्ही दोघी शहागडला गेलो. परतताना हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबलो, उसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. आणि बघते तर बाकड्यावर सुराणा! बीडला लेकीच्या सासरी निघालेले. चेहरा पार उतरलेला, दाढी वाढलेली. मी जरा घाबरलेच. घरी सगळं ठीक ना, विचारलं. बिलकुल ठीक, म्हणाले. टपरीवाल्याला हात करून तीन चहा सांगायला गेले आणि मधेच हात खाली घेतला. मी माझा आणि बहिणीचा चहा वेगळा सांगितला, वेगळ्या बाकड्यावर बसून प्यायले. बहिणीला माझी लाज वाटली. "गाववाला माणूस चहा पाजतोय, इख न्हाई पाजत," असं ती माझ्या कानात म्हणाली. तिला काय सांगू?

निघताना सुराणा जवळ आले. आजूबाजूला ट्रकांचे भोंगे चालले होते. ते म्हणाले, "ताई, एक गोष्ट हाय. पण इथं न्हाई सांगत. बैठकीत सांगतो, सगळ्यांसमोर." आणि गाडीत जाऊन बसले. अंकुशनगरला परत येईपर्यंत आणि नंतर मुंबईला जाईपर्यंत मी तेवढ्या वाक्याचाच विचार करत होते.

बैठकीत निर्णय वाचायची वेळ आली तेव्हा सुराणा उभे राहिले. सहसा कुणी उभं राहून बोलत नाही. म्हणाले, "आमचा अर्ज या वानगीवर उभा आहे, आणि ही वानगी चुकीची आहे. खाच सांध्यात पडलेलीच नाही."

झालं होतं असं. वेल्डिंगचा सांधा वर रुंद असतो आणि खाली निमुळता. ज्या परदेशी कारखान्यात पात्र घडलं, तिथे वरच्या थरातून तुकडे कापताना खाच नेमकी सांध्यात आली होती. शेवटच्या वानगीचे तुकडे तळाच्या थरातले, जिथे सांधा अरुंद. खाचेची खूण मात्र वरच्याच मापाने मारलेली. परिणामी खाच सांध्याच्या बाजूला, भिंतीच्या मूळ पोलादात पडली; त्याला आम्ही पत्रा म्हणतो. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर सांधा आणि पत्रा डोळ्याला सारखेच दिसतात, म्हणून ते कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं ते तुकडे भट्टीत टांगलेले, आणि आम्ही सगळे सांधा तपासतोय असं समजून पत्रा तपासत होतो. पत्रा चिवट असतोच. दगा देतो तो सांधा.

सुराणांनी काय केलं होतं? आमच्या धंद्यात तुटलेला तुकडा कुणी फेकत नाही, ही फार जुनी रीत आहे. त्यांनी ते तुटके अर्धे पुन्हा कोठीत घ्यायला लावले आणि काचेआडून त्यांना ॲसिड लावलं. ॲसिडने सांध्याची कड उमटते. ती उमटली, आणि तुटल्याची जागा तिच्या बाहेर. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ना संचालकांनी, ना मी. निकाल हाती आला तो नेमका दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे शहागडच्या बाकड्यावर हा माणूस ते ओझं घेऊन बसला होता. संचालकांना त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. संचालकांनी डोक्याला हात लावला, पण थांबवलं नाही, हेही मी इथे नोंदवून ठेवते. वैतागणारी माणसंसुद्धा सरळ असू शकतात.

मी त्यांना म्हणायला हवं होतं की सुराणाभाऊ, असा अर्जदार मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. पण मी टेबलाच्या अलीकडे होते. मी म्हटलं, "अर्जाचा निर्णय स्थगित. सर, सांध्याची खरी वानगी कुठून आणणार?" ते म्हणाले, तेही करून बघतो.

आणि केलं की! तुटलेल्या दोन अर्ध्यांपैकी एका अर्ध्याच्या पोटात सांधा शाबूत होता. त्याच्या दोन्ही टोकांना नवं पोलाद जोडून पुन्हा पुरा तुकडा बनवला, सांध्यात बरोबर खाच पाडली, आणि परत हातोड्याखाली दिला. हे तंत्र जगात माहीत होतं, पण आपल्याकडे ते इतक्या निगुतीने केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. निकाल आला तो वाईट होता. धोक्याचा नव्हे, पण मागितलेली सगळी वर्षं द्यायला पुरेल असाही नव्हे. भट्टी तोवर बंद उभी.

पुढचा मार्गही त्यांनीच आणला. आणीबाणीत सोडायचं पाणी गार असतं हीच भीती ना? मग त्या टाकीतलं पाणी कायम कोमट ठेवू. पात्राला हिसका कमी बसेल. आम्ही महिनाभर गणितं घासली, त्यात खोट सापडली नाही. मर्यादा कडक केल्या आणि मागितल्यापेक्षा पुष्कळ कमी मुदत दिली. भट्टी तेवढी मुदत कुरकुर न करता चालली आणि मग कायमची बंद झाली. सुराणा त्याआधीच निवृत्त होऊन जालन्याला आले होते. बंद करायच्या दिवशी त्यांना बोलावणं होतं, गेले नाहीत. मला ते फार लागलं. मनात यायचं, माझ्या प्रश्नांनी या माणसाच्या पात्राची वर्षं खाल्ली.

म्हणूनच जालन्यात राहायला येऊनही मोंढ्याकडे जायचं मी टाळत होते. यंदा एकदा ज्वारी घ्यायच्या निमित्ताने गेले. सुराणा दुकानात गादीवर बसले होते, केस पांढरे झालेले. हातात कुणाच्या तरी सोयाबीनची मूठ. ती मूठ पोत्याच्या तोंडची घेतलेली नव्हती. तळाशी टोकदार नळी खुपसून काढलेली होती. मला बघून दाणे तसेच हातात धरून उठले. "या ताई, आत या," म्हणत मला आत गादीवर बसवलं. चहा आला. त्यांनी स्वतः कपात ओतला आणि कप हातात धरून थांबले.

"आता घ्यायला हरकत न्हाई ना?"

मी घेतला. घोट घेताना आजोबा आठवले, डोळे भरून आले, ते मी लपवलंही नाही. सुराणांनीही पाहिलं नसल्याचं सोंग केलं नाही. भट्टीच्या गोष्टी निघाल्या. मग त्यांनी एकदम विचारलं, "खरं सांगा ताई. मी त्या दिवशी उभा राह्यलो नसतो, तर तुम्ही परवानगी दिली असती?"

या प्रश्नाला मी मनातल्या मनात इतकी वर्षं भीत होते. पण हा माणूस समोर असताना खोटं बोलायचं कसं? मी म्हटलं, "दिली असती. माझ्याजवळ प्रश्नच उरला नव्हता."

ते हसले. मुठीतले दाणे पोत्यात परत टाकत म्हणाले, "ठाऊक होतं मला. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, की आता काही विचारायचं न्हाई, तवाच मी सगळे कागद पुन्हा काढले. तोवर मी निवांत होतो. म्हटलं, काही चुकलं असंल तर ताई पकडतील. तुम्ही थांबलात, मंग मला विचारणं भाग पडलं."

मी कप पुढे केला आणि आणखी चहा मागून घेतला.